दम लागायचा आणि मी ब्लाउज सैल करायचे

इकडे कन्नड मुलखात, चामराजपेटेत आमचं ब्लाउज शिवायचं दुकान आहे. माझ्या थोरल्या जाऊबाई कापतात आणि मी शिवते. सगळी पेठ त्यांना अक्का म्हणते, मीही म्हणते. दीर गेल्यावर दुकान बंद पडायच्या बेतात होतं, तेव्हा अक्कांनी कातर हातात घेतली आणि मला मशीनवर बसवलं. त्याला बावीस वर्षं झाली. हे आधीच सांगते, कारण माझा आजार इतकी वर्षं कोणाच्या लक्षात आला नाही याला माझं हृदय जेवढं जबाबदार, तेवढीच मी शिंपीण असणंही जबाबदार आहे.

पस्तिशी ओलांडली आणि मला दम लागायला लागला. मशीनवर सलग चार ब्लाउज झाले की छातीवर कोणी पट्टा आवळतंय असं वाटायचं. आता शिंपिणीला छातीशी आवळल्यासारखं वाटलं तर ती काय करेल? मी शिवण उसवली. कापडाच्या कडेला आम्ही जादा जागा सोडतो, ती थोडी सोडवली आणि पुन्हा टीप मारली. दोन दिवस बरं वाटलं. मग दुसरा ब्लाउज उसवला, मग तिसरा. सहा-सात वर्षांत माझा एकही ब्लाउज मूळ शिवणीवर राहिला नाही.

गंमत म्हणजे मी टेप लावून बघत होते. छाती चौतीसच्या चौतीस. मला वाटलं, टेप जुना होऊन ताणला गेलाय. नवा आणला. तोही चौतीसच म्हणाला. तरी मी ब्लाउज छत्तीसचे शिवायला लागले. खांद्यावरून सारखे घसरायचे. अक्का करवादायच्या, "शारदे, गिऱ्हाइकानं तुला बघून कापड द्यायचं का परत न्यायचं? स्वल्प तरी नीट राहा!" मी म्हणायचे, "काय करू अक्का, अंग सुटलंय." अंग सुटलेलं नव्हतं, हे आरशालाही दिसत होतं.

ज्यांच्या हातात नुकताच हृदयाचा असा रिपोर्ट आला असेल आणि जे घरी येऊन कोपऱ्यात बसले असतील, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. माझी शाळा कन्नडची, मराठी घरचं. पुण्याहून आलेल्या शेजारणीनं शुद्धलेखन तपासून दिलंय. बाकी शहाणपणा आणि मूर्खपणा दोन्ही माझे.

आवाज

आषाढात मला खोकला झाला. पंधरा दिवस हटेना, म्हणून गल्लीच्या टोकाच्या दवाखान्यात गेले. तिथे नवी डॉक्टर मुलगी आली होती, माझ्या लेकीपेक्षा, पल्लवीपेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठी असेल. तिनं पाठीला स्टेथोस्कोप लावला, मग छातीला लावला, आणि तिथेच ठेवला. पुन्हा ऐकलं. डोळे मिटून ऐकलं. मला वाटलं, पोरगी नवी आहे, शिकत असेल.

"अम्मा, तुमच्या हृदयात आवाज आहे, असं आधी कोणी सांगितलं नाही?" तिनं कन्नडमधून विचारलं.

"हृदयात आवाज असतोच की," मी म्हणाले.

ती हसली नाही. तिनं चिठ्ठी लिहिली आणि म्हणाली, खोकल्याचं औषध घ्या, पण हृदयाची सोनोग्राफी आधी करा, याच आठवड्यात.

सोनोग्राफीला पल्लवी बरोबर आली. ती बीकॉमच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि डॉक्टरांचं इंग्रजी मला सांगायचं काम तिच्याकडे होतं. अंधाऱ्या खोलीत मी डाव्या कुशीवर पडले होते, छातीवर गार जेल, आणि पडद्यावर लाल-निळे लोट उसळत होते. डॉक्टर पल्लवीला काहीतरी सांगत होते. ती नुसती मान हलवत होती. बाहेर आल्यावर मी विचारलं, "काय म्हणाले?" ती म्हणाली, "आई, तुझ्या हृदयात भोक आहे. जन्मापासून." आणि भर कॉरिडॉरमध्ये रडायला लागली. मी तिला जवळ घेतलं, पाण्याची बाटली दिली, बाकावर बसवलं. रिपोर्ट माझा होता, पण त्या दुपारी मला स्वतःसाठी घाबरायला सवडच मिळाली नाही. ते काम मी घरी जाऊन केलं, मोरीचा नळ सोडून.

माझ्या आत काय चाललं होतं

डॉक्टरांनी चित्र काढून समजावलं. मला समजलं ते माझ्या भाषेत सांगते. हृदयाला चार खोल्या. वरच्या दोन खोल्यांमधल्या पडद्याला माझ्याकडे भोक होतं, कोटाच्या मोठ्या बटणाएवढं. फुप्फुसातून स्वच्छ होऊन आलेलं रक्त डाव्या खोलीतून खाली उतरून अंगभर जायला हवं. माझ्याकडे त्यातलं बरंचसं भोकातून उजवीकडे गळायचं आणि पुन्हा फुप्फुसात जायचं. म्हणजे इस्त्री झालेले कपडे गिऱ्हाइकाकडे न जाता परत इस्त्रीच्याच गठ्ठ्यात. इस्त्रीवाला दमणार आणि गिऱ्हाईक खोळंबणार. माझ्या फुप्फुसाकडे जायला हवं त्याच्या दुप्पट रक्त जात होतं. ते ढकलून ढकलून हृदयाची उजवी बाजू फुगली होती.

लहानपणी याचा फारसा त्रास होत नाही, म्हणून कित्येकांना कळतच नाही. एवढं ऐकून मला जरा धीर आला होता. पण पुढचं ऐकून तो गेला. वर्षानुवर्षं जास्तीचं रक्त सोसून फुप्फुसातल्या नळ्या कडक होत जातात. फारच कडक झाल्या असतील, तर मग भोक बुजवता येत नाही. बुजवलं तर जिवावर बेततं. तसंच ठेवून औषधांवर दिवस काढायचे.

"माझ्या किती कडक झाल्यात?" मी विचारलं.

"ते आत नळी घालून दाब मोजल्याशिवाय सांगता येणार नाही," डॉक्टर म्हणाले.

तपासणीची तारीख दहा दिवसांनंतरची मिळाली. ते दहा दिवस माझ्या आजारपणातले सर्वांत वाईट. ऑपरेशनची भीती मला नंतर वाटली, आणि तीही बेतानंच. या दहा दिवसांत मात्र एकच विचार डोकं खात होता. सहा-सात वर्षं शरीर मला सांगत होतं आणि मी शिवणी उसवत बसले होते. पहिल्याच वर्षी डॉक्टरकडे गेले असते तर हा प्रश्नच आला नसता. आता उशीर झाला असेल तर तो मी, माझ्या हातांनी केलेला.

एका दुपारी दुकानात हे अक्कांना बोलून दाखवलं. वाटलं होतं, त्या दोन शब्द धीराचे बोलतील. त्या कातर बाजूला ठेवून म्हणाल्या, "आणि मी काय आंधळी होते? रोज समोर बसत होतीस. तुझा खांदा घसरलेला दिसला मला, तोंड उतरलेलं नाही दिसलं. झालं ते आपण दोघींनी केलं. एकटीनं सगळं मिरवू नकोस." आणि पुन्हा कापायला लागल्या. त्यांनी माझा अर्धा भार उचलून घेतला होता, आणि तेही रागावून. मी मशीनवर डोकं टेकवून मनसोक्त रडले.

छत्री

तपासणीच्या दिवशी दोन गोष्टी झाल्या. घशातून एक नळी घालून भोक जवळून पाहिलं आणि जांघेतून दुसरी नळी घालून दाब मोजला. बाहेर यजमान आणि अक्का. आमचे हे कॉलेजच्या प्रयोगशाळेत अटेंडर आहेत, स्वभावानं गरीब. मोबाइलवर हृदयाचे व्हिडिओ बघून बघून त्यांनी स्वतःचं बीपी वाढवून घेतलं होतं. त्यांच्या शेजारी बसून अक्का ब्लाउजला हुक लावत होत्या. नर्सनं हटकलं तर म्हणाल्या, "हात रिकामे ठेवले तर मी तुमच्या दारावर थापा मारीन, चालेल?"

डॉक्टर बाहेर आले. दाब वाढलेला आहे, पण नळ्या अजून कडक झालेल्या नाहीत. भोक बुजवता येईल. आता मात्र थांबू नका.

अक्कांनी तिथल्या तिथे हात जोडले, हे मला यांनी नंतर सांगितलं. कोणाला ते मी विचारलं नाही.

पण दुसरी बातमीही होती. हल्ली अशी भोकं पायातून छत्रीसारखं यंत्र नेऊन बुजवतात, छाती उघडावी लागत नाही, हे यांनी व्हिडिओत पाहिलं होतं आणि घरात सगळ्यांना पाठ करून सांगितलं होतं. माझ्या बाबतीत ते जमणार नव्हतं. भोकाच्या खालच्या बाजूला छत्रीला धरायला कडच नव्हती. छाती उघडून ठिगळ लावणं एवढाच मार्ग.

यांनी ऐकलंच नाही. म्हणाले, "दुसऱ्या हॉस्पिटलात जाऊ. तिसऱ्या. कोणीतरी छत्री लावेलच." दुसरीकडे रिपोर्ट दाखवले, तिथेही तेच सांगितलं. हे म्हणाले, मुंबईला दाखवू. माझ्याशी बोलताना माझ्याकडे बघेनात. ताटावरून उठायला लागले. मला त्यांची कीवही यायची आणि संतापही. छाती माझी उघडायची होती आणि समजूत मी यांची घालायची!

शेवटी अक्कांनी त्यांना दुकानात बोलावलं. मी मशीनवर होते. अक्कांनी एक जुना ब्लाउज घेतला, हुकपट्टीच्या कडेचं कापड कातरून टाकलं आणि उरलेल्या दोन धाग्यांवर हुक लावून यांच्या हातात दिला.

"ओढा, भावजी."

यांनी ओढला. हुक धाग्यांसकट हातात आला.

"कडेला कापड नसेल तर हुक टिकत नाही, हे मला कळतं. त्या डॉक्टरांनाही कळतं. तुम्हालाच तेवढं कळत नाही. तुम्हाला ती छत्री तिच्यासाठी हवी आहे, का तुम्हाला छाती उघडलेली बघवणार नाही म्हणून?"

हे तो हुक मुठीत धरून बसले. मग माझ्याजवळ आले आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझ्याकडे बघून म्हणाले, "शारदा, मला फार भीती वाटते गं." मी म्हणाले, "मलाही." बस, एवढंच. एकमेकांना न सांगता घाबरण्यात आमचे कितीतरी दिवस फुकट गेले होते. घाबरायचंच असेल तर बरोबर बसून घाबरा, एवढा सल्ला मी अधिकारानं देऊ शकते.

कोणता धागा

ऑपरेशनची तारीख श्रावणातल्या वरमहालक्ष्मीच्या आठवड्यातली मिळाली. आमच्या धंद्यात हा आठवडा म्हणजे श्वास घ्यायलाही फुरसत नसते. सणाला नवा ब्लाउज हवा म्हणून बायका पायरीवर बसून राहतात. दिरांच्या तेराव्यानंतर आजवर अक्कांनी सणाच्या तोंडावर दुकान बंद ठेवलेलं नव्हतं. या वर्षी त्यांनी शटर खाली ओढलं आणि कन्नडमध्ये पाटी लावली, 'माझ्या बहिणीचं ऑपरेशन आहे. ब्लाउज उशिरा मिळतील.' पल्लवीनं त्याचा फोटो मला पाठवला. जाऊ नाही, बहीण लिहिलं होतं. मी हॉस्पिटलच्या खाटेवर तो फोटो कितीदा मोठा करून बघितला.

आदल्या दिवशी सर्जन भेटायला आले. उंच, शांत माणूस. "काही विचारायचं आहे?" त्यांनी विचारलं. यांनी पान भरून प्रश्न लिहून आणले होते. त्याआधी मीच विचारलं, "ठिगळ कशाचं लावणार?"

"हृदयाभोवती पातळ पिशवी असते. तिचाच तुकडा कापून."

"म्हणजे अस्तरातूनच काढणार. मग रंग जुळेल," मी म्हणाले.

ते हसले. मग मी धागा विचारला. निळा, केसाहून बारीक. टीप कशी? एकसलग, मध्ये न तोडता, शेवटी गाठ. मला पटलं. मीही तशीच घातली असती. ज्या माणसाला गाठीबद्दल विचारलं तर कंटाळा येत नाही, त्याच्या हातात कापड द्यायला हरकत नाही. हृदय तासभर थांबवणार आणि त्याचं काम यंत्र करणार, हे त्यांनी सांगितलं तेव्हा मात्र मी खाटेची कड घट्ट धरली. त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाले, "ते पुन्हा चालू करायचं काम माझं. तुम्ही फक्त झोपा."

केम्मी, अम्मा

जाग आली तेव्हा घशात नळी, छातीत नळ्या, आणि तोंडाला कोरड. पाणी मागता येत नव्हतं. एका नर्सनं कापसाचा ओला बोळा ओठांवर फिरवला. जन्मात पुष्कळ गोड खाल्लं असेल, त्या बोळ्याची सर कशाला नाही.

नळी निघाल्यावर त्याच नर्सचा छळ सुरू झाला. छातीशी उशी घट्ट धरून खोकायचं. "केम्मी, अम्मा, केम्मी!" खोका, अम्मा, खोका. खोकलं की छातीचं हाड दोन्हीकडून ओढल्यासारखं दुखायचं. मग प्लास्टिकच्या खेळण्यात तीन चेंडू, ते श्वास ओढून वर उचलायचे. पहिल्या दिवशी एकही हलेना. शेजारच्या खाटेवरची के. आर. पुरमची आजी दोन उचलायची आणि माझ्याकडे बघून भुवया उडवायची. तिच्यामुळे मी जिद्दीला पेटले.

एक गोष्ट मला कोणी आधी सांगितली नव्हती. ऑपरेशननंतर माणूस विनाकारण रडतो. इडली आली, रडले. हे कधीकधी आईकडून लेकीत येतं म्हणून पल्लवीच्या हृदयाचीही तपासणी झाली आणि ते ठणठणीत निघालं, तेव्हा तर वॉर्ड डोक्यावर घेतला. नर्स म्हणाली, सगळे रडतात, बाप्येसुद्धा, पांघरुणात. तुम्ही रडलात तर लाजू नका.

घरी आल्यावर तीन महिने काही उचलायचं नाही, मशीन चालवायचं नाही. अक्कांनी माझी खुर्ची दुकानात गिऱ्हाइकांच्या बाजूला मांडली. मी बसून नुसती बोलायचे. छातीवरचा व्रण मोठा आहे, सुरुवातीला मी पदर गळ्यापर्यंत ओढायचे. एकदा अक्का माझ्यासाठी ब्लाउज कापायला बसल्या आणि गळा उंच धरला. मग स्वतःच खडू पुसला आणि नेहमीसारखा खाली घेतला. "लपवायचं काय त्यात? शिलाई सुरेख आहे," त्या म्हणाल्या. ब्लाउज मात्र त्यांनी चौतीसचाच कापला.

सहा महिन्यांनी

संक्रांत झाल्यावर पुन्हा सोनोग्राफी होती. पल्लवीची परीक्षा, यांची ड्युटी, म्हणून अक्का बरोबर आल्या. तीच अंधारी खोली, तोच गार जेल. या वेळी पडद्यावरचा लोट पलीकडे जात नव्हता. तो सरळ खाली उतरत होता. डॉक्टर म्हणाले, ठिगळ छान बसलंय. फुगलेली उजवी बाजू बरीच आकसली आहे. दाब जवळजवळ नेहमीचा झालाय.

मी गेले सहा महिने पोटात ठेवलेला प्रश्न विचारलाच. "म्हणजे उशीर झाला नाही ना?"

"थोडा झाला होता," ते म्हणाले. "पण वेळेत आलात."

बाहेर येऊन अक्कांना सांगितलं. त्या फक्त "सरी" म्हणाल्या, म्हणजे "बरं", आणि पिशवीत उगाचच काहीतरी शोधत बसल्या. बराच वेळ शोधत होत्या. मी त्यांना शोधू दिलं.

परतताना मार्केटपाशी गर्दी होती. रिक्षावाला म्हणाला, पुढे जाणार नाही, इथेच उतरा. तिथून दुकान काही फार लांब नाही, पण रस्ता चढाचा आहे. मी निघाले. संध्याकाळी कोणाला फोन करायचे, उद्या कोणता ब्लाउज आधी घ्यायचा, असलं काहीतरी डोक्यात चाललं होतं. फुलवाल्यांच्या पुढे गेले, वळणावर आले, तेव्हा मागून हाक ऐकू आली.

"अगं शारदे! स्वल्प हळू चल! माझे गुडघे काय तुझ्यासारखे आहेत?"

मागे वळून पाहिलं. अक्का केवढ्या मागे राहिल्या होत्या. एक हात गुडघ्यावर, दुसऱ्या हातात माझ्या रिपोर्टची पिशवी, आणि चेहऱ्यावर खरोखरीचा राग. त्रेचाळीस वर्षांत मला असं कोणी म्हटलं नव्हतं. आई म्हणायची, ये लवकर. शाळेतल्या मैत्रिणी म्हणायच्या, ये लवकर. लग्नानंतर हे म्हणायचे, पल्लवी चालायला लागली तशी तीही म्हणायला लागली. मी चढावर उभी राहिले आणि अक्कांची वाट बघू लागले. मला मुळीच दम लागलेला नव्हता.